हात मागं

आमच्या कंपनीत हल्ली मेंटॉर नेमतात. तसा ईमेल येतो, सोबत एक कप मिळतो, कपावर कंपनीचं चिन्ह असतं. नेमलेला मेंटॉर महिन्यातून एकदा नव्या पोरांना काचेच्या खोलीत बसवून स्वतःच्या प्रगतीची कथा सांगतो. पोरं माना डोलावतात, शेवटी फोटो निघतो. गेल्या आठवड्यात असा एक कप माझ्याही टेबलावर आला. मी त्यात पेनं खोचली आणि दिवसभर कुणाशी धड बोलले नाही. संध्याकाळी घरी आल्यावर लक्षात आलं, की मला सकाळपासून भिंगारदिवे सर आठवतायत आणि त्या कपाची लाज वाटतेय.

मला हा धंदा शिकवला तो भिंगारदिवे सरांनी. त्यांच्या तोंडून 'शाब्बास' हा शब्द मी कधी ऐकला नाही. पहिल्या दिवशी त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं. मी कर्जत म्हणाले. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी कर्जत झाले ती झालेच. ऑफिसात नितीन नावाचा एक मुलगा होता, तो बेलापूरचा, म्हणून बेलापूर. चहावाला शेवगाव. आडनाव सांगितलं की माणूस आधी जात शोधतो, गाव सांगितलं तर तिकडं जाणारी एस.टी. शोधतो, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा मला तो विक्षिप्तपणा वाटला होता. पुढे ऑफिसातली माणसं कळत गेली तसा तो शहाणपणा वाटायला लागला.

नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. नगरला माळीवाड्याच्या बाजूला, औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. पतसंस्था, दूधसंघ, साखर कारखाने यांना आम्ही प्रोग्राम लिहून द्यायचो. मालक बोरुडे. यांना संगणकातलं नेमकं काय येत होतं हे मला आजतागायत कळलेलं नाही. सफारी शिवून घेता येत होती, चेअरमनांच्या वाढदिवसाला हार नेता येत होता आणि 'सिस्टीम' हा शब्द कुठल्याही वाक्यात घालता येत होता. तेवढ्यावर माणूस नगरात साहेब होत असे. मला त्यांनी घेतलं ते आकडे भरायला. "मुली गप बसतात आणि स्पेलिंग चुकवत नाहीत," असं त्यांनी माझ्यासमोरच माझ्या वडिलांना सांगितलं. गणित घेऊन बी.एस्सी. झालेली मुलगी शेजारीच उभी आहे, याचं त्यांना काही वाटलं नाही. वडिलांनी मान हलवली, कारण साहेबांनी सफारी घातली होती.

संगणकाच्या खोलीत चपला काढून जायचं. इतकं सोवळं आमच्या घरच्या देवघरालाही नव्हतं. गिऱ्हाईक आलं की बोरुडे त्याला दारातूनच मशीन दाखवत, आवाज खाली आणत, आणि गिऱ्हाईकही हात जोडल्यासारखं उभं राहत असे. या सगळ्या नाटकात एकच माणूस चपला घालून सरळ आत जायचा. उंच, हाडकुळा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेनाऐवजी स्क्रूड्रायव्हर. "मशीनला धूळ चालत न्हाई म्हनून चपला काढायच्या, तर मंग आधी झाडून घ्या की," असं ते म्हणत. झाडायला मात्र कुणी यायचं नाही, तेच झाडायचे.

सर नगरला लागूनच असलेल्या भिंगारचे. वडील लष्कराच्या स्टोअरमध्ये सिव्हिलियन नोकरीला होते. सर पुण्याला एका मोठ्या कंपनीत मोठ्या मशीनवर काही वर्षं काम करून परत आले होते. का आलात, असं विचारलं तर म्हणायचे, "तिथं मशीनच्या खोलीत जायला सायबाची सही लागायची. जितं शिकायला सही लागती तितं म्या थांबत न्हाई." येताना त्यांनी वडिलांची हिरव्या रंगाची पत्र्याची पेटी फ्लॉप्यांनी भरून आणली होती. ती लुनावर पायांच्या मध्ये ठेवून ते भिंगारहून रोज यायचे. पेटीला कडी होती, पण कडीत कधी कुलूप नसे. ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं.

आकडे भरता भरता एके दिवशी मी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून पडद्याकडे बघत होते. त्यांनी वळून पाहिलं. "काय बघती? कळतंय का काय? बस." आणि स्वतः उठले. मी बसले. कारखान्याच्या ऊस उत्पादकांची नावं ओळीनं छापायची, एवढाच प्रोग्राम त्यांनी मला लिहायला लावला. मी लिहिला, चालू केला. प्रिंटर करकरायला लागला आणि पहिल्याच शेतकऱ्याचं नाव छापत सुटला. पुन्हा तेच, पुन्हा तेच. कागदाची घडी उलगडत टेबलाखाली गेली, तिथून दारापर्यंत गेली. मी घाबरून सरांकडे पाहिलं. ते हात पाठीमागे बांधून उभे होते. बोरुडे ओरडत आले, "अहो भिंगारदिवे, बंद करा ना ते! कागद काय फुकट येतो?"

"तिनं चालू केलंय. तीच करंल बंद."

"तुम्हाला एक बटण दाबता येत नाही?"

"मला येतंय. तिला येत न्हाई. बटन कुनी दाबायचं मंग?"

मला रडू येत होतं. बऱ्याच वेळानं दिसलं, की एक नाव छापून झाल्यावर पुढच्या नावाकडे जा, हे मशीनला सांगायचं मी विसरले होते. मी ती ओळ घातली. नावं सरळ उतरायला लागली. सर म्हणाले, "गाढव हाय, पर चालतं गाढव हाय," आणि चहाला गेले.

त्यांची शिकवण्याची रीत एवढीच. शिकणाऱ्याच्या कळफलकाला हात लावायचा नाही, आपले हात मागे बांधून उभं राहायचं, आणि तोंडानं अपमान करत राहायचं. दुसरं कुणी मदतीला पुढे सरसावलं की खेकसायचे, "हात मागं!" इतका तुसडा दाता मी पुन्हा पाहिला नाही. लोक ज्ञान देतात तेव्हा समोरच्यानं पाया पडावं अशी त्यांची अपेक्षा असते. सर ज्ञान देत ते जवळजवळ अंगावर फेकत असत, जणू ते त्यांचं नव्हतंच आणि कधी एकदा ते हातातून जातंय असं त्यांना झालं होतं. आपल्या प्रोग्राममध्ये ते दर चार ओळींनी इंग्रजी अक्षरांत मराठी सूचना लिहून ठेवायचे. 'इथं व्याज मोजलं आहे.' 'ही ओळ मी घाईत लिहिली, तू नीट लिही.' मागून येणाऱ्याला कळावं म्हणून.

मागून येणारे आले, शिकले आणि गेले. एकानं समोरच्याच रस्त्यावर मोठी पाटी लावली, आणि आपण हे सगळं पुण्याला शिकलो असं तो गिऱ्हाइकांना सांगू लागला. दुसऱ्यानं सरांचा दूधसंघाचा प्रोग्राम जसाच्या तसा, सूचनांसकट, दुसऱ्या दूधसंघाला विकला. त्यात 'ही ओळ मी घाईत लिहिली' हेही तसंच. अशा माणसांविषयी मला कणव वाटत नाही, त्यांनी कितीही देणग्या देऊन देवळाच्या पायऱ्यांवर नावं कोरली तरी. मी तणतणत सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "दूध बराबर मोजतो ना त्याचा प्रोग्राम? मंग झालं. लोकांचं दूध हाय, त्याचं न्हाई न् माजंबी न्हाई."

खंडेनवमीला बोरुडे यंत्रांची पूजा करायचे. त्यात गैर काही नाही, सगळा नगर जिल्हा करतो. पण पूजेची तयारी चालली असताना सर एक वायर सरकवायला पुढे झाले, तेव्हा बोरुडे हसत हसत म्हणाले, "भिंगारदिवे, राहू द्या, तुमच्यात हे चालत नसेल." शब्द सभ्य होते. खोलीत सगळ्यांना कळलं की त्यांना नेमकं काय म्हणायचंय, आणि सगळे झेंडूच्या माळांकडे बघायला लागले. सर भिंतीला टेकून उभे राहिले, हात मागे. मग बोरुड्यांनी भक्तिभावानं मशीनला हळद-कुंकू वाहिलं. चिमूटभर वाहिलं असतं तर देव पावला असता. यांनी मूठभर वाहिलं. फ्लॉपी आत जाते त्या फटीतून ते सगळं आत गेलं, आणि दुसऱ्या दिवशी मशीन एकही फ्लॉपी वाचेना.

"भिंगारदिवे, जरा बघता का?" बोरुडे म्हणाले. पूजेला सरांचा हात चालत नव्हता, कुंकू पुसायला चालत होता.

मला वाटलं, सर आता नाही म्हणतील. म्हणावं अशी माझी फार इच्छा होती. त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला, झाकण उघडलं आणि हाक मारली, "ए कर्जत, ए बेलापूर, हिकडं या. कापूस घ्या. म्या सांगतो तसं पुसा." आम्ही पुसलं. पुढे दर वर्षी आम्हीच पुसत राहिलो, कारण कुंकवाची मूठ काही लहान झाली नाही.

सर या ऑफिसातून गेले ते कुलपावरून. साखर कारखान्याचं मोठं काम आमच्याकडे आलं होतं. कोणता कारखाना ते सांगत नाही, या जिल्ह्यात कारखान्यांना तोटा नाही. उसाच्या वजनकाट्याचा प्रोग्राम सरांनी जवळजवळ एकट्यानं लिहिला. तो बसवायची वेळ आली तेव्हा बोरुड्यांनी सर्वांसमोर सांगितलं, "आतमध्ये कुलूप टाका. वर्षभरानं आपोआप बंद पडला पाहिजे. मग येतील पाया पडत." त्या काळी बरेचजण असं करायचे आणि याला हुशारी म्हणायचे.

"कुनाला कोंडायचंय?" सरांनी विचारलं.

"कोंडायचं नाही हो. पुढच्या वर्षी त्यांनी आपल्यालाच बोलवावं, एवढंच."

"काम चांगलं आसंल तर बोलावतील."

"आणि नाही बोलावलं तर?"

"तर आपल्यावाचून त्यांचं अडत न्हाई. चांगलंच की."

बोरुड्यांना हे वाक्य समजलंच नाही. ते चिडले, धंदा कसा चालतो यावर त्यांनी लांबलचक भाषण दिलं. सर ऐकून घेऊन म्हणाले, "सायेब, माजा आजा साळंच्या बाहीर बसून शिकला. आत मास्तर काय सांगतोय ते भितीला कान लावून ऐकायचा. म्या कुलूप टाकनार न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून येऊ नका, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी हिरवी पेटी नितीनच्या टेबलावर ठेवली. "ह्यात समदं हाय. लागंल तसं घ्या," म्हणाले आणि लुना काढली. पेटी बोरुड्यांनी आपल्या कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप घातलं. त्यांना त्याशिवाय काही सुचायचंच नाही. आणि प्रोग्राममध्ये कुलूप टाकलं नितीननं, अगदी आनंदानं. नितीनला प्रोग्राम लिहिता येत नव्हता, चिकटवता येत होता. कुठून तरी आणलेलं कुलूप त्यानं सरांच्या प्रोग्रामला चिकटवलं आणि बोरुड्यांनी त्याची पाठ थोपटली. त्याच्या चेहऱ्यावरचं त्या वेळचं हसू आठवलं की अजून माझा हात शिवशिवतो.

ऐन हंगामात कुलूप लागलं. वर्ष भरायला बरेच महिने होते. झालं असं, की संगणकाच्या पोटात घड्याळ चालवणारा एक छोटा सेल असतो, तो संपला. सेल संपला की त्या मशीनची तारीख मागे, थेट ऐंशी सालावर जायची. नितीनच्या कुलपाला वाटलं कुणी तरी तारीख मागे नेऊन फसवतंय, आणि त्यानं वजनकाटा बंद केला. गुप्त शब्द टाकूनही उघडेना, कारण तो शब्द तारखेवरून बनायचा आणि तारीखच खोटी होती. चोराला पकडायला लावलेल्या कुलपानं घरमालकालाच कोंडलं होतं.

बोरुड्यांनी मला आणि नितीनला जीपमध्ये घालून पाठवलं. स्वतः एका लग्नाला गेले. कारखान्याच्या गेटापासून ट्रॅक्टर आणि बैलगाड्या दूरवर उभ्या होत्या. ऊस उन्हात वाळत होता, वजन घटत होतं, तोडणीवाले बायका-पोरांसह गाड्यांखाली बसले होते. काट्याच्या खोलीत कारखान्याचा कारभार बघणारे एम.डी. साहेब, काट्यावरचे क्लार्क मोरे, आणि खिडकीला चिकटलेले गाडीवान. नितीन घामाघूम होऊन एकच शब्द पुन्हा पुन्हा टाकत होता. "काय दातखिळी बसली का रं मशिनची?" खिडकीतून कुणी तरी विचारलं.

दुपारी भिंगारदिवे सर आले. प्रोग्राम लिहिताना सर काट्यावर येऊन बसत तेव्हापासून मोरे त्यांना ओळखत होते, त्यांनीच परस्पर गाडी धाडली होती. इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण गालफडं बसली होती. इतके महिने घरी बसलेला माणूस होता तो. एम.डी. साहेबांनी त्यांना कोपऱ्यात घेतलं. खोली लहान, मला सगळं ऐकू आलं.

"हे एवढं चालू करा. त्या बोरुड्याला आजच काढतो. उद्यापासून तुम्ही आमच्याकडे, क्वार्टर देतो. फक्त एक, आमच्या क्लार्क लोकांना यातलं काही दाखवू नका. युनियन आहे, उद्या डोक्यावर बसतील."

मी मनात म्हणत होते, सर, आजचा दिवस हो म्हणा, पुढचं पुढे बघू. त्यांनी खिशातून एक फ्लॉपी काढली. कुलूप नसलेला मूळ प्रोग्राम होता तो. मग ते नितीनला म्हणाले, "ऊठ, बेलापूर." आणि वळून, "मोरे, बसा."

मोरे गोंधळले. "मी? सर, मला ह्यातलं न्हाई येत."

"म्हनून तर बसा."

"अहो, तुम्ही स्वतः करा की!" एम.डी. ओरडले. "पाच मिनिटांचं काम! बाहेर बघा रांग!"

"आज म्या करीन. उंद्या सेल पुन्ना संपला तर?" सर म्हणाले आणि त्यांनी हात मागे बांधले.

बाहेर हॉर्न वाजत होते, आत साहेब पाय आपटत होते, आणि मोरे एका बोटानं एकेक अक्षर शोधत होते. चुकले, पुन्हा केलं. "घाई न्हाई. ऊस वाळंल, पर डोकं वाळू देऊ नगा," सर सांगत होते. खरं सांगते, मलासुद्धा संताप आला होता. इतका हट्टीपणा कशाला, असं वाटत होतं. शेवटी मोऱ्यांनी तारीख बसवली, प्रोग्राम चढवला, पहिल्या गाडीचं वजन पडद्यावर उमटलं आणि खिडकीतल्या गाडीवानांनी शिट्ट्या मारल्या. मोरे डोळे पुसत होते. सेल कुठला आणायचा आणि कसा बदलायचा तेही सरांनी त्यांच्याकडून म्हणून घेतलं.

नोकरी अर्थात मिळाली नाही. "आता मोऱ्यांनाच येतंय सगळं, यांना ठेवून काय करायचं?" असं एम.डी. साहेब म्हणाल्याचं पुढे कानावर आलं. बोरुड्यांचं कामही गेलं, पण ते बुडले नाहीत. अशी माणसं बुडत नाहीत. दशकाच्या शेवटी त्यांनी दोन हजार साल उजाडलं की जुने संगणक बंद पडतील अशी भीती घालून निम्म्या जिल्ह्याच्या पतसंस्थांना नवी मशीनं विकली आणि वर एक बंगला बांधला. पहिला फटका बसला तो नितीनला. बोरुड्यांनी सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडून त्याला हाकललं. मला वाईट वाटलं नाही.

मी पुण्याला गेले, मोठ्या कंपनीत लागले. परदेशी जायचं ठरलं, तेव्हा सरांना भेटायला भिंगारला गेले. बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत ते शिकवतात असं त्यांच्या आईनं सांगितलं. मी हातातला पेढ्यांचा पुडा सावरत गेले. वाटेत मनात हिशेब चालला होता, की जिल्ह्यात इतकी मशीनं याच माणसाच्या जिवावर चालतात, आणि एकाही मशीनला याची गरज उरलेली नाही, कारण यानं गरज उरू दिली नाही. मला लोकांचा राग येत होता आणि थोडा त्यांचाही.

खोलीत जुनाट संगणक होता, जुना प्रिंटर होता. संगणकापुढे पाठमोरा एकजण बसला होता, आणि त्याच्या मागे हात बांधून सर. केस पिकले होते, चष्म्याची काच जाड झाली होती. पायात चपला होत्या. बसलेल्यानं मान वळवली. तो नितीन होता.

पेढ्यांचा पुडा माझ्या हातातच राहिला. सरांना मी दारात बोलावलं आणि जवळजवळ ओरडले, "सर, याला शिकवताय? जे कुलूप टाकलं नाही म्हणून तुम्ही घरी बसलात, ते यानं टाकलं!"

"त्याला येत न्हाई," सर म्हणाले.

"म्हणून?"

"म्हनून शिकवतो. तवा येत आसतं तर असलं कुलूप केलं असतं का त्यानं?"

मी नितीनला तेव्हा माफ केलं नाही, आजही केलेलं नाही. सरांसारखं मन माझं नाही आणि ते आणायचं सोंगही मला करायचं नाही. तेवढ्यात प्रिंटर करकरला. कुणाचं तरी नाव छापून आलं. पुन्हा तेच नाव आलं, पुन्हा तेच, आणि कागद टेबलाखाली उतरायला लागला. नितीन कावराबावरा होऊन पडद्याकडे बघत होता. चूक मला दारातूनच दिसली. एक ओळ राहिली होती, पुढच्या नावाकडे जाण्याची. इतक्या वर्षांत मी अशा हजार चुका काढल्या होत्या. मी तरातरा गेले, नितीनच्या खांद्यावरून वाकले आणि कळफलकाकडे हात नेला.

"ए कर्जत," मागून आवाज आला, "हात मागं."

मी पुडा खिडकीत ठेवला, हात मागे बांधले आणि सरांच्या शेजारी उभी राहिले. कागद दाराकडे निघाला होता.